चिखलातला तो भुरा पक्षी कोणता? तीन तुतवार ओळखण्याची रीत

पाणथळीवर पहिल्यांदा दुर्बीण घेऊन गेलेल्या माणसाला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ओळखायला कोणाची मदत लागत नाही. शेकाट्या, चमचा, शराटी, चित्रबलाक हेही लवकरच ओळखीचे होतात. घोडं अडतं ते काठावरच्या चिखलात तुरुतुरु चालणाऱ्या, वरून भुऱ्या-तपकिरी आणि खालून पांढऱ्या अशा लहान पक्ष्यांपाशी. पुस्तक उघडावं तर एकाच पानावर डझनभर सारखी चित्रं. मग बहुतेक जण ते पान उलटतात आणि पुन्हा रोहित बघायला लागतात.

माझं म्हणणं असं की ते अख्खं पान पाठ करायचं कारणच नाही. आपल्याकडे गोड्या पाण्याच्या काठी हिवाळाभर भेटणारे तीन पक्षी आधी पक्के करा: कॉमन सँडपायपर, ग्रीन सँडपायपर आणि वूड सँडपायपर. मराठीत अनुक्रमे तुतवार, हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार. मराठी नावं पुस्तकागणिक थोडी बदलतात, म्हणून इंग्रजी नावंही तोंडात असू द्यावीत. पक्षिनिरीक्षक आपसात बोलताना सरळ ‘कॉमन’, ‘ग्रीन’, ‘वूड’ असंच म्हणतात. हे तिघे गावच्या पाझर तलावापासून उजनी धरणाच्या बॅकवॉटरपर्यंत सगळीकडे असतात. एकदा हे हातात आले की बाकीचे वेडर, म्हणजे उथळ पाण्यात-चिखलात चरणारे पक्षी, ‘यांच्यापेक्षा मोठा’, ‘यांच्यापेक्षा लांब चोचीचा’, ‘यांच्यापेक्षा पांढरा’ असे आपोआप वेगळे पडायला लागतात.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: या पक्ष्यांच्या बाबतीत रंगावर सगळ्यात कमी भरवसा ठेवायचा. सकाळच्या तिरप्या उन्हात तिघेही सोनेरी दिसतात, दुपारी तिघेही राखाडी, आणि सूर्य समोर असला तर तिघेही काळे. जागा, चाल आणि उडताना दिसणारी पाठ या तीन गोष्टी उन्हाबरोबर बदलत नाहीत.

निघण्याआधी

दुर्बीण ८ × ४२ ची असली तर उत्तम. १० × ५० घेऊन आलेले लोक तासाभरात हात दुखतो म्हणून तक्रार करतात, आणि चालत्या पक्ष्यावर ती स्थिर राहत नाही. टेलिस्कोप नंतर कधी घेता आला तर घ्या, तीन तुतवारांसाठी तो लागत नाही. एक छोटी वही आणि पेन्सिल मात्र हवी. पेन दवात भिजलेल्या कागदावर चालत नाही.

सकाळी काठावर पोहोचलात की पहिलं काम म्हणजे सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरणं. त्यासाठी तलावाला अर्धी चक्कर मारावी लागली तरी मारा. चुकीच्या बाजूला बसून तासभर डोळे ताणण्यापेक्षा ती चक्कर स्वस्त पडते.

कपडे मळकट रंगाचे घाला, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काठावर उभं राहू नका. बांधाच्या आडोशाला बसा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा माणूस पक्ष्याला फार लांबून दिसतो. बसलेल्या माणसाकडे तो पाच-दहा मिनिटांत दुर्लक्ष करायला लागतो आणि कधी कधी चरत चरत समोरून निघून जातो.

पहिली पायरी: हा तुतवारच आहे ना?

आधी गर्दी कमी करू. काठावर शेपटी हलवणारा प्रत्येक पक्षी तुतवार नसतो. धोबी, म्हणजे वॅगटेल, हाही नदीच्या घाटावर, दगडांवर शेपटी वरखाली करत फिरतो. त्याची चोच बारीक आणि आखूड, शेपटी लांबलचक, आणि उडताना तो लाटेसारखा वरखाली जातो. तुतवाराची चोच डोक्याच्या लांबीएवढी किंवा किंचित जास्त, सरळ. शेपटी आखूड. एवढ्यावर धोबी वजा होतो.

चोच अगदी आखूड, डोळा मोठा, आणि पक्षी पळतो, थबकतो, वाकून टिपतो, पुन्हा पळतो, असं असेल तर तो चिखल्या, म्हणजे प्लोव्हर. गळ्यात काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला लहान चिखल्या आपल्याकडे बारमाही असतो. प्लोव्हर डोळ्यांनी शिकार करतो म्हणून ती थबकण्याची सवय. तुतवार अखंड चालत टिपत राहतो.

चोच शरीराच्या मानाने फारच लांब, पाठीवर पिवळसर उभे पट्टे, आणि पाय पडेपर्यंत न दिसता एकदम पायाशेजारून ‘स्कॅप’ असा खरखरीत आवाज करत वेडावाकडा उडाला तर तो पाणलावा. तो तुम्हाला उभा दिसला तर नशीबच म्हणायचं.

आणि चिमणीपेक्षाही लहान, काळ्या पायांचे, घोळक्याने धावत शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात टाकत जाणारे ते लिटल स्टिंट, म्हणजे छोटे टिलवे. उजनीकाठच्या भिगवणला यांचे मोठे थवे असतात. आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालणारा, मुठीत मावेल एवढा हा पक्षी आहे. त्याला तुतवार समजण्याचं कारण नाही, पण शेजारी मापाला काही नसलं की नवख्याचा अंदाज चुकतो.

म्हणून मापाचं आधी ठरवून घ्या. छोटा टिलवा चिमणीहून लहान. कॉमन आणि वूड हे दोघे लालबुड्या बुलबुलाएवढे, साधारण २० सेंटीमीटर. ग्रीन थोडा मोठा आणि भरदार, साळुंकीच्या जवळ जाणारा. शेकाट्या या सगळ्यांच्या जवळपास दुप्पट. चरताना तुतवाराच्या आसपास टिटवी, शेकाट्या, नाही तर एखादी ढोकरी हमखास असते. तिच्याशी ताडून बघा. एकट्या पक्ष्याचा आकार दुर्बिणीतून सांगता येतो असं कोणी म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी पायरी: तो उभा कुठे आहे?

तिघांची जागा वेगवेगळी आहे, आणि ही खूण पुस्तकात एका ओळीत उरकलेली असली तरी माझ्या मते अर्धी ओळख तिथेच होते.

कॉमनला टणक काठ आवडतो. दगडी घाट, धरणाची भिंत, सांडवा, नदीतले खडक, बांधलेली होडी, खाडीतली जेट्टी, अगदी शहरातल्या नाल्याची सिमेंटची कड. वर्षातून बहुतेक वेळा तो एकटा असतो आणि आपला काठाचा तुकडा धरून असतो. दुसरा आला की दोघांत तणतण होते.

ग्रीनला अरुंद, आडोशाचं पाणी हवं. ओढा, पाटाची चारी, शेताच्या कडेचा चर, गुरं पाणी पितात तो डबका, झाडांच्या सावलीतलं गावतळं. मोठ्या उघड्या जलाशयावर तो असला तरी एखाद्या कोपऱ्यात, काठ जिथे आत वळतो तिथे. तोही एकटा. तुम्ही रस्त्याने चाललाय आणि मोरीखालच्या चरातून एक काळा-पांढरा पक्षी ओरडत वर गेला, तर तो न बघता ग्रीन म्हणा. दहापैकी नऊ वेळा बरोबर येईल.

वूडला पसरट, उथळ, गवताळ दलदल आवडते. कोकणात आणि गोव्यात पाणी भरलेली भातखाचरं, विदर्भातल्या मालगुजारी तलावांचे उथळ काठ, धरणाचं पाणी मागे सरल्यावर उघडी पडलेली गाळपेर जमीन. आणि तो बहुधा एकटा नसतो. विखुरलेले पाच-दहा, कधी वीस-तीस दिसतील. पोट भिजेल एवढ्या पाण्यातही तो आरामात चालतो.

अर्थात नियमाला अपवाद असतात. तिघेही एकाच डबक्यावर असू शकतात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा उत्तरेकडून आलेले पक्षी मिळेल तिथे उतरतात. पण नोव्हेंबरनंतर प्रत्येक जण आपापली जागा धरतो.

तिसरी पायरी: चालतो कसा?

आता पाच मिनिटं नुसतं बघा. खुणा शोधू नका, चाल बघा.

कॉमनचं अंग आडवं असतं, जमिनीशी समांतर, पाय आखूड. आणि त्याचं बूड एक क्षण थांबत नाही. चालताना, थांबल्यावर, दगडावर उतरल्यावर लगेच, मागचा अर्धा भाग वरखाली, वरखाली. माशी दिसली की मान खाली घालून, पोट जवळजवळ जमिनीला लावून तो पुढे सरकतो, तेवढा वेळ ते हलणं थांबतं. माशी गिळली की पुन्हा सुरू. घाटाच्या पायऱ्यांवर निर्माल्याभोवती माशा घोंगावत असतात तिथे हा खेळ अगदी जवळून बघायला मिळतो.

ग्रीनसुद्धा बूड हलवतो, पण मधून मधून, आणि बहुधा बिथरल्यावर. वूड आणखी कमी. ग्रीन सावध, दबकत चालतो. माणूस दिसला की मान ताठ करून थिजतो आणि मग उडतो. वूड उंच पायांचा, सडपातळ, चालण्यात डौल असलेला. तिघांत देखणा तोच.

चौथी पायरी: जवळून दिसला तर काय बघायचं?

इथे एकेक खूण पुरे आहे, सगळ्या शोधत बसू नका.

कॉमनसाठी खांदा बघा. छातीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ठिगळं असतात, आणि ते ठिगळ व मिटलेला पंख यांच्यामध्ये पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर चढलेला असतो. ही पांढरी पाचर फार लांबून दिसते आणि बाकीच्या दोघांना ती नसते. शिवाय त्याची शेपटी मिटलेल्या पंखांच्या टोकांपलीकडे बरीच बाहेर येते, त्यामुळे तो मागून लांबट दिसतो.

ग्रीन आणि वूड यांच्यात भुवई बघा. वूडची पांढरी भुवई लांब असते, चोचीपासून सुरू होऊन डोळ्याच्या बरीच मागे जाते, आणि तिच्यामुळे चेहरा उठून दिसतो. ग्रीनची भुवई डोळ्यापाशी संपते. डोळ्याभोवती मात्र स्वच्छ पांढरं कडं असतं. म्हणजे वूडच्या चेहऱ्यावर रेघ दिसते, ग्रीनच्या चेहऱ्यावर गोल.

पाठीचे ठिपके हे पुस्तकी लक्षण आहे आणि ते खरंही आहे: वूडची पाठ ठळक ठिपक्यांची, ग्रीनची पाठ गडद आणि तिच्यावर अगदी बारीक टिंबं. पण ठिपक्यांवर एकट्याने भिस्त ठेवू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात येणाऱ्या वूडच्या पिल्लांच्या पाठीवर ताजी, दाट पिवळसर नक्षी असते. तीच पिसं पुढे झिजतात आणि हिवाळ्यात पाठ बरीच सपाट दिसते. उलट ग्रीनची ताजी टिंबं जवळून मोठी वाटू शकतात. त्यापेक्षा छाती बघा. ग्रीनची छाती गडद रेघांची असते आणि जिथे संपते तिथे पांढरं पोट एकदम, कापल्यासारखं सुरू होतं. वूडची छाती फिकट आणि पोटाकडे हळूहळू पांढरी होत जाते.

पायांचा रंग? वूडचे पिवळसर, ग्रीनचे हिरवट-राखाडी. पण चिखलात बुडालेल्या पायाला चिखलाचाच रंग असतो. पाय स्वच्छ पाण्यातून आत्ताच बाहेर आले असतील तरच हे लक्षण धरा.

पाचवी पायरी: उडू द्या

पक्षी उडाला म्हणजे संधी गेली असं वाटून नवखा माणूस दुर्बीण खाली घेतो. तुतवार मात्र उडतानाच आपलं नाव सांगतात. त्यासाठी त्यांना उडवायची गरज नाही. काठावर टिटवी असतेच, आणि कुत्रं, घार, गुराखी, काहीही दिसलं की ती ओरडते आणि आख्खा काठ उठतो. टिटवी ओरडली रे ओरडली की दुर्बीण डोळ्याला लावा आणि ज्या पक्ष्यावर तुमची शंका आहे त्यालाच धरून ठेवा. दोन-तीन सेकंदच मिळतात, म्हणून काय बघायचं ते आधीच ठरलेलं हवं.

पहिला प्रश्न: शेपटीच्या मुळाशी, कमरेवर पांढरा चौकोन आहे का? नसेल, पाठीपासून शेपटीपर्यंत सगळं एकसारखं तपकिरी असेल आणि उघडलेल्या पंखावर लांब पांढरी पट्टी चमकली, तर तो कॉमन. खेळ संपला.

पांढरा चौकोन दिसला आणि पंख वरून एकरंगी, बिनपट्टीचे असले, तर ग्रीन किंवा वूड. आता दुसरा प्रश्न: पंखाची खालची बाजू कशी आहे? ग्रीनची काळपट. इतकी की पंख वर गेला तरी पक्षी काळाच दिसतो, आणि त्या काळ्यावर कंबर पांढरीशुभ्र चमकते. वूडच्या पंखाची खालची बाजू फिकट, राखाडी-पांढरी, त्यामुळे वर-खाली असा मोठा फरक डोळ्यांत भरत नाही. या दोघांना वेगळं करणारी याहून खात्रीची खूण दुसरी नाही. उभ्या पक्ष्यावर अर्धा तास वाद घालणारी मंडळी तो उडाल्यावर एका सेकंदात गप्प होतात.

आणखी वेळ मिळाला तर पाय बघा. वूडची बोटं शेपटीच्या बाहेर स्पष्ट येतात, ग्रीनची जेमतेम. शेपटीवर ग्रीनला मोजके, रुंद, काळे आडवे पट्टे असतात. वूडला बारीक आणि जास्त.

मग तो गेला कसा आणि कुठे, तेही लिहून ठेवा. कॉमन पाण्याला लागून, अगदी खालून जातो. पंख ताठ, किंचित खाली वाकलेले. ते भराभर थरथरवतो, मग क्षणभर तसेच ताठ धरून तरंगतो, पुन्हा थरथर. अर्धगोल मारून तो त्याच काठावर थोडं पुढे उतरतो. ही उडण्याची ढब एकदा डोळ्यांत बसली की दुर्बिणीशिवाय, पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतूनही कॉमन ओळखता येतो. ग्रीन ओरडत झपकन उंच चढतो, वळणं घेतो आणि बहुतेक वेळा दिसेनासाच होतो. वूडही उंच जातो, पण सोबतीच्यांबरोबर एक चक्कर मारून परत त्याच दलदलीत उतरण्याची शक्यता जास्त.

सहावी पायरी: कान

उडताना तिघेही ओरडतात, त्यामुळे पाचवी आणि सहावी पायरी खरं तर एकत्रच येते. आवाज कागदावर उतरवणं हा थोडा हास्यास्पद प्रकार आहे, तरी करून बघतो. कॉमन: बारीक, उंच पट्टीतला, एकापाठोपाठ घसरणारा ‘स्वी-वी-वी-वी’. ग्रीन: मोठा, खणखणीत, वर चढणारा ‘ट्लुईट, वीट-वीट’, शांत ओढ्यावर दचकायला होतं इतका मोठा. वूड: कोरडा, घाईचा ‘चिफ्-इफ्-इफ्’, सगळे सूर एकाच पट्टीत.

घरी बसून तिघांचं रेकॉर्डिंग ऐका, एकामागून एक, पुन्हा पुन्हा. पक्षी ओळखण्याच्या मर्लिन अ‍ॅपमध्ये आणि ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. काठावर मात्र फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायच्या भानगडीत पडू नका. दमूनभागून आलेला पक्षी पोट भरत असतो, त्याला खोट्या भांडणात ओढायचं कारण नाही.

अ‍ॅपने फोटोवरून सांगितलेलं नाव हा अंदाज असतो, निकाल नव्हे. पाठमोऱ्या, लांबून काढलेल्या, उन्हाविरुद्धच्या फोटोवरून अ‍ॅपलाही कळत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या जाणकारांनाही. असा फोटो टाकायचाच असेल तर सोबत जागा, चाल, उडताना काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते लिहा. बऱ्याचदा ते लिहिता लिहिताच उत्तर मिळतं आणि फोटो टाकायची वेळ येत नाही.

कधी जायचं

तुतवार हे पाहुणे. ग्रीन आणि वूड युरोप ते सायबेरिया अशा उत्तरेकडच्या पट्ट्यात वीण करतात. कॉमन तिथेही करतो आणि आपल्या हिमालयात, काश्मीर-लडाखकडेही. ग्रीनची तर गंमतच आहे: चिखलात वावरणारा हा पक्षी अंडी घालतो झाडावर, बहुधा कस्तुरासारख्या पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात.

आपल्याकडे पहिले पक्षी जुलैअखेर-ऑगस्टातच दिसायला लागतात. पोळ्याच्या सुमारास तिघांचीही गाठ पडू शकते, तेव्हा ‘स्थलांतरित पक्षी थंडीत येतात’ या समजुतीवर बसून राहू नका. एप्रिलअखेरपर्यंत बहुतेक परत फिरतात.

धरणांवर एक वेगळं गणित असतं. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरलेलं असतं, चिखल पाण्याखाली असतो, आणि वेडरना चरायला जागाच नसते. तेव्हा ते ओढ्यांवर, गावतळ्यांवर, भातखाचरांत विखुरतात. डिसेंबरनंतर पाणी सोडायला लागतात तसतसा गाळ उघडा पडतो आणि गर्दी धरणाकडे सरकते. म्हणून ऑक्टोबरात उजनीला जाऊन ‘काहीच नव्हतं’ म्हणणारे आणि फेब्रुवारीत जाऊन डोळे भरून बघून येणारे, दोघेही खरं बोलत असतात.

तिघांत न बसणारा निघाला तर

लाल-नारिंगी पाय आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी किनार: रेडशँक. हिरवट पाय, किंचित वर वळलेली जाड चोच आणि ‘ट्यू-ट्यू-ट्यू’ असा मोठा तिहेरी आवाज: ग्रीनशँक. त्याचीच लहान, नाजूक आवृत्ती, सुईसारखी सरळ चोच आणि फारच पांढरा: मार्श सँडपायपर. या दोघांची पांढरी कंबर चौकोनी नसते, ती पाचर होऊन पाठीवर वरपर्यंत चढते.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो रफ. नर आणि मादी यांच्या आकारात इतका फरक की एका थव्यात दोन जाती आहेत असं वाटावं. पाठीवरची पिसं खवल्यांसारखी, डोकं लहान, मान लांब, पोट सुटलेलं. धरणाच्या काठी, हरभऱ्याच्या शेतातसुद्धा हे थव्याने उतरतात. लहान मादी एकटी दिसली तर वूडचा भास होतो. तिच्या कमरेवर मात्र अख्खा पांढरा चौकोन नसतो, मधल्या गडद पट्टीच्या दोन्ही बाजूंना पांढरे लंबगोल असतात.

आणि टेमिन्क्स स्टिंट हा छोट्या टिलव्याचा भाऊ, पिवळसर पायांचा, सपाट राखाडी पाठीचा. तो कॉमन सँडपायपरची बारकी प्रत वाटतो. बूड हलत नसेल, खांद्याची पाचर नसेल आणि शेजारच्या धोब्यापेक्षा तो लहान असेल तर त्याचा विचार करा.

इतकं करूनही नाव लागलं नाही तर ‘तुतवार, जात अनिश्चित’ अशी नोंद करा. ईबर्डवर तशी सोय आहे. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. तिथेही खात्री नसलेला आकडा भरण्यापेक्षा असा मोकळा आकडा जास्त कामाचा असतो. स्थानिक गटाबरोबर या गणनेला जाणं ही शिकण्याची सगळ्यात चांगली संधी, कारण मोजताना प्रत्येक पक्ष्याकडे बघावंच लागतं.

कुठे जायचं

सुरुवात घराजवळच्या ओढ्यावर करा. तीच ती जागा दर आठवड्याला बघितली की पक्ष्यांच्या खोडी कळतात.

पुण्याजवळ कवडीपाट चांगलं आहे. मुळा-मुठेचं पाणी कसं असतं ते पुणेकरांना सांगायला नको, वासाची तयारी ठेवून जा. पण बंधाऱ्यावर कॉमन, काठच्या चरात ग्रीन आणि गवताळ भागात वूड, असे तिघे एका सकाळीत मिळण्याची शक्यता तिथे आहे. सोलापूर रस्त्याने पुढे भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा उजनीचा पट्टा. कुंभारगावचे मच्छीमार आता होडीतून पक्षी दाखवतात, आणि त्यांची नजर भल्याभल्यांच्या टेलिस्कोपपेक्षा तेज आहे. होडीवाल्या दादांना आधीच सांगा की मला रोहित नको, काठाचे बारके पक्षी बघायचेत. नाही तर ते सवयीने थेट रोहितांकडे नेतात. नाशिककडे नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं, २०१९ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. मराठवाड्यात जायकवाडी. गोव्यात करमळीचं तळं आणि त्याच्या भोवतालची शेतं वूडसाठी उत्तम.

मुंबई-ठाण्याच्या खाडीवर सुरुवात करू नका, असा माझा सल्ला. ठाणे खाडीही २०२२ साली रामसर यादीत आली आणि तिथे वेडरची गर्दी अफाट असते, पण ती सँड प्लोव्हर, कर्ल्यू सँडपायपर, टिलवे यांची. तीन तुतवारांपैकी खाऱ्या पाण्यावर हमखास भेटतो तो फक्त कॉमन. तरी गेलातच तर भरतीची वेळ काढून जा. ओहोटीला चिखल मैलभर पसरतो आणि पक्षी ठिपके होतात. भरतीचं पाणी त्यांना काठाकडे ढकलतं. कोकणातला जुना हिशोब इथे चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडं उशिरा चढतं. भरती पूर्ण होण्याच्या दोन तास आधी जाऊन बसा.

काठावरच्या चिखलाचा अंदाज घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. धरणाचा गाळ वरून तडे गेलेला, कोरडा दिसतो आणि आत गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत ओला असतो. जिथे गुरांच्या खुरांचे ताजे ठसे उथळ आहेत तिथूनच चाला, आणि गावातल्या माणसाला विचारून. सांगलीकडे कृष्णेच्या काठी मगरी आहेत, तिथे पाण्यालगत बसायचंच नाही. मार्चपासून पुढे काठच्या उघड्या वाळूत-खड्यांत चिखल्या, सुरय आणि टिटवी अंडी घालतात. ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे फिरा.